प्रतिकर्षणावर मात करता येते का? अकरावीच्या वर्गातून आलेला एक प्रश्न

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचं हे पत्र आहे. अकरावीला अणुरचना शिकवताना एका मुलानं त्यांना विचारलं, ‘मॅडम, सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात, मग एका ऑर्बिटलमध्ये (अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ठरावीक जागेत) दोन इलेक्ट्रॉन राहतात कसे?’ त्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, की दोघांचे स्पिन (इलेक्ट्रॉनचा अंगचा, छोट्या चुंबकासारखा गुण) उलट असतात, त्यामुळे ते उलट ठेवलेल्या चुंबकांसारखे एकमेकांना ओढतात आणि प्रतिकर्षण रद्द होतं. पुढच्या आठवड्यात मुलगा वहीत गणित मांडून आला. चुंबकीय ओढ प्रतिकर्षणाच्या लाखाव्या हिश्श्याइतकीही भरत नव्हती. ‘म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी ही कल्पनाच खोटी आहे,’ असं तो म्हणाला. शिवाय इलेक्ट्रॉन दाबून डब्यात भरायचे आणि हवी तेव्हा वीज काढायची, असं एक यंत्रही त्याच्या डोक्यात आहे. वर्ग हसला. मॅडमना त्या क्षणी काही सुचलं नाही. सहकारी म्हणतात, ‘हे सीईटीला येत नाही, सिलॅबस पुढे न्या.’ त्यांचे प्रश्न दोन: इलेक्ट्रॉनमधल्या प्रतिकर्षणावर खरंच मात करता येते का? आणि आता वर्गात काय सांगायचं?

ताई,

तुमच्या विद्यार्थ्याचं गणित बरोबर आहे, त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष चुकला आहे, आणि तुम्ही दिलेलं उत्तर दुरुस्त करायला हवं. हे तिन्ही एकदम खरं असल्यामुळेच त्या दिवशी तुमची कोंडी झाली. तुम्हाला शिकवता येत नाही, असा याचा अर्थ अजिबात नाही. स्पिन उलटे म्हणून आकर्षण, हे उत्तर गाईडांतून, क्लासच्या नोट्समधून आणि आपल्याच शिक्षकांकडून आपल्यापर्यंत आलेलं असतं. ते पटकन पटतं, म्हणून टिकलं आहे.

आधी गणित पाहू. दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून एक अँगस्ट्रॉमवर, म्हणजे साधारण अणूच्या आकाराएवढ्या अंतरावर असले, तर त्यांच्यातल्या प्रतिकर्षणाची ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप) येते. त्याच अंतरावर दोन स्पिनमधली चुंबकीय ओढ, सगळ्यात सोयीची मांडणी धरली तरी, एका इलेक्ट्रॉनव्होल्टच्या दहा हजाराव्या हिश्श्याच्या आसपास असते. फरक लाखाहून जास्त पटींचा आहे. अकरावीतल्या मुलानं हे स्वतः काढलं असेल, तर त्याची वही पुन्हा एकदा मागून घ्या आणि पूर्ण वाचा.

आता त्याच धड्यातलं पुढचं पान उघडा. सारख्या ऊर्जेच्या ऑर्बिटलांत इलेक्ट्रॉन आधी एकेकटे बसतात, हा हुंडचा नियम तुम्ही शिकवताच. नायट्रोजनच्या २पी या तीन ऑर्बिटलांच्या गटात तीन इलेक्ट्रॉन असतात. उलट स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांना ओढत असते, तर त्यातल्या दोघांनी आधी एकत्र यायला हवं होतं. प्रत्यक्षात तिघे तीन वेगळ्या ऑर्बिटलमध्ये बसतात, तेही एकाच दिशेच्या स्पिननं. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन असेच एकेकटे आणि समांतर स्पिनचे राहतात, म्हणूनच द्रवरूप ऑक्सिजन ओतला की तो चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये अडकून राहतो. जमेल तिथे इलेक्ट्रॉन लांबच राहतात. स्पिनच्या ओढीची गोष्ट कोसळायला त्या मुलाच्या गणिताचीही गरज नव्हती, आपल्याच पुस्तकात तिच्या विरुद्ध पुरावा होता.

मग जोडी खोटी का? इथे मला तुम्हा दोघांनाही एक प्रश्न विचारावासा वाटतो. दोन इलेक्ट्रॉन एका जागी राहायचे, तर त्यांना एकमेकांची ओढ असलीच पाहिजे, हे कुणी ठरवलं? तुम्ही ती ओढ स्पिनमध्ये शोधली. मुलाला ती सापडली नाही, म्हणून त्यानं जोडीच नाकारली. गृहीतक दोघांचं एकच. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनना एकमेकांची ओढ नसतेच. ओढ आहे ती मधल्या केंद्रकाची. प्रतिकर्षण पूर्ण ताकदीनिशी तिथेच असतं, फक्त केंद्रकाकडून मिळणारी ऊर्जा त्याची किंमत भागवून वर उरते. हा सरळ जमाखर्च आहे, आणि वर्गात तो जमाखर्च म्हणूनच मांडावा असं मी सुचवीन.

त्यासाठी हेलियमसारखं दुसरं उदाहरण नाही. फळ्यावर केंद्रक काढा, धन दोन. त्याच्यापाशी एकच इलेक्ट्रॉन असेल, तर तो सोडवायला ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. आता मुलांना विचारा, दोन इलेक्ट्रॉन असते आणि त्यांना एकमेकांचा पत्ताच नसता, तर किती लागले असते? दुप्पट, १०८.८. प्रयोगात दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला मिळून किती लागतात? ७९.०. वजाबाकी मुलांनाच करू द्या. जवळजवळ ३० इलेक्ट्रॉनव्होल्ट कुठे गेले? ते प्रतिकर्षणापायी गेले. कुठेही रद्द झालं नाही, कुणीही झाकलं नाही. अणूच्या एकूण ऊर्जेत तो खर्च मोजता येतो.

आणि एवढा खर्च होऊनही हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन काढायला २४.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट द्यावे लागतात. सगळ्या मूलद्रव्यांत हा आकडा सर्वांत मोठा आहे. हेलियम हा सगळ्यात लहान उदासीन अणू आहे, आणि तोच सगळ्यात घट्ट आहे. मुलांना यावर जरा थांबू द्या. ‘प्रतिकर्षण आहे म्हणजे टिकणार नाही’ हा विचार सोडायला ही एक संख्या पुरेशी आहे.

एक बारकावा त्या मुलासाठी. दोन्ही इलेक्ट्रॉन एका ऑर्बिटलमध्ये आहेत म्हणजे ते एका बिंदूवर बसले आहेत, असं नव्हे. ऑर्बिटल हा पसरलेला प्रदेश आहे, आणि त्यातही एक इलेक्ट्रॉन जिथे सापडण्याची शक्यता जास्त, त्याच्या अगदी लगत दुसरा सापडण्याची शक्यता कमी होते. ते एकमेकांना चुकवतात. हिलेरास या नॉर्वेजियन शास्त्रज्ञानं १९२९ मध्ये हे चुकवणं हेलियमच्या गणितात थेट आणलं आणि उत्तर प्रयोगाच्या अगदी जवळ गेलं.

मग स्पिन उलटा का असावा लागतो? ती पाउलीच्या नियमाची अट आहे. पाउलीनं तो १९२५ मध्ये मांडला. स्पिन उलटा असेल तरच दुसऱ्या इलेक्ट्रॉनला त्या ऑर्बिटलमध्ये जागा आहे, एवढंच. ती ओढ नव्हे. हा फरक लिथियमवर छान दाखवता येतो. ऊर्जेच्या हिशोबानं लिथियमच्या तिसऱ्या इलेक्ट्रॉनलाही १एस, म्हणजे सगळ्यात आतलं ऑर्बिटल, परवडलं असतं, प्रतिकर्षण वजा करूनसुद्धा. तरी तो तिथे जाऊ शकत नाही, २एस मध्ये जातो आणि अवघ्या ५.४ इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये सुटतो. प्रतिकर्षण महाग पडतं, पाउलीचा नियम मनाई करतो. खर्च भागवता येतो, मनाईला तो मार्ग नाही. वर्गात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्यात तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. आपली बहुतेक पुस्तकं त्या एका दमात सांगून मोकळी होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जिथे जमा कमी पडते, तिथली उदाहरणंही द्या. हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन, तरी तो दुसरा इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, पण जेमतेम ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्टनं. हा हायड्रोजनचा ऋण आयन इतका नाजूक आहे, आणि तरी सूर्याच्या पृष्ठभागावरून आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशाचं स्वरूप ठरवण्यात त्याचाच मोठा वाटा आहे. खगोलशास्त्रज्ञ रुपर्ट विल्ड्ट यांनी ते १९३९ मध्ये ओळखलं, आणि पुढे आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांनी त्या आयनावर बरीच वर्षं काम केलं. तिसरा इलेक्ट्रॉन मात्र एकटा प्रोटॉन धरू शकत नाही.

ऑक्सिजनचं उदाहरण मुलांच्या रोजच्या वहीतलं आहे. ऑक्साइड आयन लिहिताना आपण ऑक्सिजनवर बिनदिक्कत दोन ऋण लिहितो. पहिला इलेक्ट्रॉन घेताना ऑक्सिजन मोलमागे १४१ किलोज्यूल सोडतो, पण दुसरा घ्यायचा तर साडेसातशेच्या आसपास किलोज्यूल वरून घालावे लागतात, कारण आता ऋण आयनावर आणखी एक ऋण ढकलायचा आहे. मोकळ्या अवस्थेत हा आयन टिकतच नाही. मग कळीच्या चुन्यात तो कसा असतो? कॅल्शियम आणि ऑक्साइडचे आयन स्फटिकात रचले जाताना मोलमागे सुमारे ३४०० किलोज्यूल मिळतात. त्यातून कॅल्शियमचे दोन इलेक्ट्रॉन काढण्याचा खर्चही निघतो आणि ऑक्सिजनवरच्या या बळजबरीचाही. खर्च कोण भागवतंय, हा प्रश्न विचारायची सवय मुलांना लागली, तर आयनिक संयुगांचा पुढचा अख्खा भाग त्यांना पाठ करावा लागणार नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांचं म्हणणं. ‘सीईटीला येत नाही’ हे मला पटत नाही. नायट्रोजनची आयनीभवन ऊर्जा (पहिला इलेक्ट्रॉन काढायला लागणारी) मोलमागे १४०२ किलोज्यूल आणि पुढच्या ऑक्सिजनची १३१४, हा उलटा क्रम का, हा प्रश्न परीक्षांत वर्षानुवर्षं येतो. उत्तर हेच आहे: ऑक्सिजनचा चौथा २पी इलेक्ट्रॉन आधीच एक इलेक्ट्रॉन असलेल्या ऑर्बिटलमध्ये जोडीनं बसतो, त्याला ढकललं जातं, म्हणून तो स्वस्तात सुटतो. क्लोरीनपेक्षा फ्लोरीन इलेक्ट्रॉन घेताना कमी ऊर्जा का सोडतो, ३४९ ला ३२८? फ्लोरीन लहान, आत आधीच दाटी. बारावीच्या संयुगांतही तेच. पाण्यानं वेढलेल्या लोहाच्या धन दोन आयनात चार इलेक्ट्रॉन एकेकटे राहतात आणि सायनाइडनं वेढलं की सगळे जोडीनं बसतात, कारण सायनाइडमुळे वरच्या पातळ्या इतक्या महाग होतात की त्यापेक्षा खाली दाटीवाटीनं बसणं परवडतं. आपल्या रक्तातलं लोहही असंच वागतं. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनमध्ये एकेकटे इलेक्ट्रॉन असतात, ऑक्सिजन धरल्यावर एकही उरत नाही. पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये रक्ताचं चुंबकत्व मोजून हे दाखवलं. सिलॅबस पुढे न्यायचा म्हणजे याच गोष्टीतून न्यायचा आहे. आता दिलेली वीस मिनिटं तुम्हाला पुढच्या चार धड्यांत परत मिळतील.

तुमचा मूळ प्रश्न अजून राहिला आहे, प्रतिकर्षणावर मात करता येते का? ‘मात’ म्हणजे काय हवं आहे, त्यावर उत्तर बदलतं.

इलेक्ट्रॉन नुसते जवळ आणायचे असतील, तर ते अवघड नाही. एक अँगस्ट्रॉमला १४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब इलेक्ट्रॉनला वीसेक हजार व्होल्टनं पळवायची. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डला दोन कड्यांमधून इलेक्ट्रॉनचे झोत समोरासमोर आणून धडकवले गेले. ते एकमेकांच्या इतके जवळ गेले, की मधलं अंतर अणुकेंद्रकाच्या आकाराहूनही कमी होतं. पण तिथे थांबले नाहीत, उडून गेले. नुसत्या जोरानं जवळीक मिळते, मुक्काम मिळत नाही.

चुंबकीय ओढीची कल्पनाही अगदीच टाकाऊ नाही, तिची जागा वेगळी आहे. शेजारी शेजारी एकाच दिशेनं धावणारे दोन इलेक्ट्रॉन म्हणजे दोन समांतर प्रवाह, आणि समांतर प्रवाह एकमेकांना ओढतात. वेग प्रकाशाच्या जवळ गेला की ही ओढ प्रतिकर्षणाला जवळजवळ गाठते. इंदूरच्या इंडस-२ या साठवण कड्यात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेनं फिरतात. त्या वेगाला, प्रयोगशाळेत उभं राहून मोजणाऱ्याला, शेजारच्या दोन इलेक्ट्रॉनमधलं निव्वळ ढकलणं दोन कोटींहून जास्त पटींनी कमी झालेलं दिसेल. कमी झालेलं, संपलेलं नाही. समांतर प्रवाहांची ओढ मुलांना भौतिकशास्त्रात शिकायची असतेच, तेव्हा तिथल्या सरांशी या एका उदाहरणाबद्दल बोलून ठेवा.

आणि इलेक्ट्रॉन खरोखर जोडीनं राहायला हवे असतील, केंद्रकाशिवाय, तर तेही घडतं. अतिवाहक धातूंत घडतं. कॅमरलिंग ओनेस यांनी १९११ मध्ये पारा ४.२ केल्विनपर्यंत थंड केला आणि त्याचा विद्युत रोध नाहीसा झाला. का, हे कळायला जवळपास अर्धशतक गेलं. १९५० मध्ये दिसलं, की पाऱ्याचं जड समस्थानिक घेतलं तर हे तापमान थोडं उतरतं. इलेक्ट्रॉन तर तेच, मग अणूच्या वजनाचा काय संबंध? म्हणजे आयनांचा यात हात होता. १९५६ मध्ये कूपर यांनी जोडी कशी बनू शकते ते दाखवलं आणि १९५७ मध्ये बार्डीन, कूपर, श्रीफर यांनी पूर्ण सिद्धांत मांडला.

घडतं ते असं. एक इलेक्ट्रॉन धातूतून जाताना आसपासचे धन आयन किंचित आपल्याकडे ओढतो. आयन जड, त्यांना हलायला वेळ लागतो आणि परत जागेवर जायलाही. ते जरासे एकत्र सरकेपर्यंत इलेक्ट्रॉन केव्हाच लांब निघून गेलेला असतो. मागे धन प्रभाराची एक पुसट दाटी उरते, आणि दुसरा इलेक्ट्रॉन तिच्याकडे ओढला जातो. दोघे एका जागी एका वेळी येतच नाहीत. ॲल्युमिनियममध्ये अशा जोडीतलं अंतर हजारो अणूंएवढं असतं, आणि जोडी तोडायला इलेक्ट्रॉनव्होल्टचा हजारावा हिस्साही लागत नाही, म्हणून तर इतकी थंडी हवी. इथेही प्रतिकर्षण गेलेलं नाही. अंतर आणि वेळ यांमुळे ते पातळ झालं, आणि उरलेला खर्च आयनांनी उचलला. जिल्ह्याच्या गावी एमआरआय मशीन असेल, तर त्यातल्या नायोबियम-टायटेनियमच्या वेटोळ्यात, द्रवरूप हेलियमच्या थंडीत, अशाच जोड्या फिरत असतात.

हा विषय जुना होऊन बंद झालेला नाही, हेही मुलांना कळू दे. १९८६ मध्ये बेडनोर्झ आणि म्यूलर यांना तांब्याच्या ऑक्साइडांत जी अतिवाहकता सापडली, तिच्या कारणांवर आजही एकमत नाही. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत २०१६ च्या शेवटी शुद्ध बिस्मथमध्ये अतिवाहकता दिसली, एका केल्विनच्या हजाराव्या हिश्श्याच्याही खाली. बिस्मथमध्ये साधारण लाखभर अणूंमागे एक मोकळा इलेक्ट्रॉन असतो. १९५७ च्या सिद्धांताच्या नेहमीच्या चौकटीत हे बसत नाही. मात्र मोबाइलवर फिरणारे दावे जरा जपून घ्यायला शिकवा. २०२३ च्या जुलैत दक्षिण कोरियातून नेहमीच्या तापमानाला अतिवाहक सापडल्याची बातमी पसरली होती. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ करून पाहिला आणि कुणालाच ती अतिवाहकता मिळाली नाही.

प्रतिकर्षण मुळातच बंद करता येतं का, एवढाच प्रश्न असेल, तर उत्तर नाही. पांढऱ्या खुज्या ताऱ्यांत सूर्याएवढं वस्तुमान पृथ्वीएवढ्या आकारात दाबलेलं असतं. तिथेही प्रत्येक इलेक्ट्रॉनला जमाखर्चात साथ द्यायला धन केंद्रकं असतात, आणि तारा तोलून धरतो तो पाउलीचा नियम. चंद्रशेखर मर्यादेच्या, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाच्या पलीकडे तोही कमी पडतो. अशा ताऱ्याचा गाभा कोसळून न्यूट्रॉन तारा बनतो, तेव्हा बहुतेक इलेक्ट्रॉन प्रोटॉनमध्ये सामावून न्यूट्रॉन होतात. प्रतिकर्षण तेव्हाही हरलेलं नसतं, इलेक्ट्रॉनच उरलेले नसतात.

यावरून त्या मुलाच्या डब्याकडे येऊ. त्याला हसू नका आणि हसू देऊ नका. त्याला गणित आवडतं, तर गणितच द्या. एक मिलिग्रॅम इलेक्ट्रॉन एका डब्यात, एक मिलिग्रॅम दुसऱ्या डब्यात, डब्यांमध्ये एक मीटर अंतर. बल काढ म्हणावं. उत्तर अठ्ठावीसवर एकोणीस शून्यं एवढे न्यूटन येतं. पृथ्वी चंद्राला ज्या बलानं धरून ठेवते, त्याहून हे जास्त आहे. मग दुसरं गणित द्या: दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या धातूच्या गोळ्यावर, हवेत ठिणगी पडण्याआधी, जास्तीत जास्त किती प्रभार राहील? हवा मीटरला सुमारे तीस लाख व्होल्टला फुटते, त्यावरून साधारण तीन मायक्रोकूलॉम निघतात. कुठलाही काटा दाखवणार नाही इतकं त्या इलेक्ट्रॉनचं वजन असतं.

त्यानंतर त्याला विचारा, मोबाइलची बॅटरी चार्ज केल्यावर तिच्यात इलेक्ट्रॉन वाढतात का? तो बहुधा हो म्हणेल, पुष्कळ शिक्षकही म्हणतात. वाढत नाहीत. जितके एका टोकाला जातात तितकेच दुसऱ्या टोकाकडून निघतात, बॅटरी कायम उदासीन राहते. कपॅसिटरच्या एका पट्टीवर ऋण जमतं तेव्हा समोरच्या पट्टीवर तेवढंच धन असतं. वीज साठवण्याची ही साधनं इलेक्ट्रॉनच्या शेजारी धन प्रभार ठेवूनच चालतात. त्याची मूळ इच्छा, थोड्या जागेत जास्त वीज साठवायची, ही अतिशय चांगली आहे, आणि तिचा रस्ता बॅटरीच्या रसायनशास्त्रातून जातो. हे त्याला त्याच्याच गणितातून दिसलं तर तो खट्टू होणार नाही. त्याला हातात काम मिळेल.

आता वर्ग. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. काहीच न बोलता पुढे जायचं. मुलाला एकट्याला बोलावून सांगायचं. किंवा सगळ्यांसमोर उत्तर दुरुस्त करायचं. पहिली वाट तुम्हाला स्वतःलाच नको आहे, नाहीतर तुम्ही पत्र लिहिलं नसतं. दुसरी सोपी वाटते, आणि मुलगा लाजाळू असेल तर तिनं सुरुवात करणं योग्यही आहे. पण चुकीचं वाक्य सगळ्यांच्या वहीत आहे, आणि वर्ग हसला होता तोही सगळ्यांसमोर. एकट्याला सांगितलेली दुरुस्ती तेवढ्यापुरतीच राहते. म्हणून तिसरी वाट घ्या, पण आधी त्याला विचारून. ‘तुझं गणित फळ्यावर मांडायचंय, तू मांडशील की मी मांडू?’ एवढं पुरे. नको म्हणाला तर नाव न घेता तुम्ही मांडा.

तुम्ही लिहिलं आहे, की चूक कबूल केली तर मुलं पुढे ऐकणार नाहीत अशी भीती वाटते. मी पाहिलेल्या वर्गांत उलटं घडताना दिसलं आहे. सोळा वर्षांच्या मुलांना शिक्षकाची पळवाट लगेच ओळखू येते, आणि ती ओळखल्यावर ती प्रश्न विचारणं बंद करतात. स्वच्छ दुरुस्ती झाली की ती पुढच्या तासाला जास्त प्रश्न घेऊन येतात. तेव्हा वेळ कमी पडेल, ही तक्रार मात्र तुम्ही मला पुढच्या पत्रात नक्की कराल.

तास कसा न्यायचा, ते तुम्ही ठरवाल. मी सुरुवात नायट्रोजनच्या तीन चौकटींनी केली असती: उलट स्पिनची ओढ खरी असेल तर हे तिघे असे का बसले? मुलांना दोन मिनिटं भांडू द्या. मग त्या मुलाचं गणित, मग हेलियमची वजाबाकी. वेळ उरला तर प्लॅस्टिकच्या दोन स्ट्रॉ टिश्यूपेपरनं घासून एक दोऱ्याला टांगा आणि दुसरी जवळ न्या. टांगलेली स्ट्रॉ दूर फिरते. कोरड्या हिवाळ्यात हे हमखास जमतं, पावसाळ्यात नाही, तेव्हा आदल्या दिवशी करून पाहा.

त्या मुलासाठी आणखी एक. मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र देशातल्या विज्ञान ऑलिंपियाडचं काम पाहतं, आणि त्याच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेला तालुक्याच्या कॉलेजातली मुलंही बसू शकतात. त्याला माहिती द्या, फॉर्म भरायला मदत करा, पण त्याच्यावर ‘आपला शास्त्रज्ञ’ असा शिक्का मारू नका. पुढच्या वेळी त्याचं गणित चुकेल तेव्हा त्याला मोकळेपणानं चुकता आलं पाहिजे.

हे पत्र वाचणाऱ्या इतर शिक्षकांनी आणि पालकांनीही मुलांच्या वह्या एकदा पाहाव्यात. ‘स्पिन उलटे म्हणून आकर्षण’ हे वाक्य बऱ्याच वह्यांत निघेल. ताई, तुमच्या नोट्समधलं वाक्य खोडून त्या जागी हे लिहून द्या: ‘एका ऑर्बिटलमधले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतातच. केंद्रकाच्या आकर्षणातून मिळणारी ऊर्जा या प्रतिकर्षणाच्या खर्चापेक्षा जास्त असते, म्हणून ते तिथे राहतात. दोघांचे स्पिन उलट असणं ही पाउलीच्या नियमाची अट आहे, त्यातून आकर्षण तयार होत नाही.’ मागच्या वर्षी अकरावीत असलेली, आता बारावीला बसलेली मुलं तुमच्याच कॉलेजात आहेत. त्यांच्या वर्गावरही पाच मिनिटं जाऊन हेच लिहून द्या.